परक्या देवाची पालखी

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. इथे कतारला, अल गराफातल्या घरी शुक्रवारच्या सुट्टीची दुपार आहे. लेकीने विचारलं, "हू आर यू रायटिंग टू?" म्हटलं, "आजोबांना." ती हळूच दार ओढून गेली.

गेल्या महिन्यात कंपनीने रास लफानच्या गॅस प्लांटवरून मला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या दुभाषी बाई एका जुन्या शिंतो देवळात घेऊन गेल्या. काळवंडलेलं लाकूड, वाटेत उंच कमान, हात धुवायला दगडी कुंड. आत मूर्ती दिसत नाही. वसंतातल्या उत्सवात देव पालखीतून गावात फिरतो, म्हणाल्या. नेमका तोच दिवस होता, आणि बघतो तर वीस-पंचवीस माणसं "वाश्शोई, वाश्शोई" ओरडत पालखी नाचवत येतात. बाबा, आपला शिमगाच! पंधराव्या वर्षी पालखीखाली माझा पाय अडखळला, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत ओरडला होतात, "देव खांद्यावर हाय, ध्यान कुठं हाय तुझं?" घरी आल्यावर मात्र खोबरेल कोमट करून माझा सुजलेला खांदा तुम्हीच चोळलात.

मी बघत उभा असलेला पाहून त्यांच्यातला एक म्हातारा बाजूला सरकला आणि दांड्यावर थाप मारून ये म्हणाला. कुणीतरी अंगात निळा सदरा चढवला. दांडा खांद्याला लागला आणि मला रडू फुटलं. म्हाताऱ्याला वाटलं, दुखतंय. त्याने गळ्यातला पंचा काढला, घडी करून दांड्याखाली सारला. माझ्या तोंडून इथल्या सवयीने अरबीतलं धन्यवाद, "शुक्रन", निघून गेलं. त्याला काय कळणार!

तुमच्या शेवटच्या शिमग्याआधी तुमचा फोन आला होता. "यंदा ये रे. माझा खांदा आता चालत नाय. घराचा मान हाय."

"शटडाउन आहे, बाबा. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चाललीय. रजा मिळत नाही."

"बरं. नोकरी सांभाळ."

आई नंतर म्हणाली, पालखी अंगणात आली तेव्हा तुम्हीच पुढे झालात आणि चार पावलांत खाली बसलात. शेजाऱ्याने तुमची जागा घेतली. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. शटडाउन तुमच्या फोनच्या आठवडाभर आधीच संपलं होतं. रजा मी मागितलीच नव्हती. पालखी आपल्या अंगणात आली त्या दिवशी मी मित्रांबरोबर समैस्माला समुद्रावर होतो.