फ्रिजवरचा कागद

डलूथ, सप्टेंबर

श्री. लिंडक्विस्ट,

तुमच्या शाळेने दिलेला कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. तो दिसला की मला किळस येते. "मी पुन्हा स्वतःला इजा करणार नाही", आणि खाली माझ्या पंधरा वर्षांच्या मेरेनची सही. त्याची प्रत फाइलला लावत तुम्ही म्हणालात, "चला, काळजी मिटली!"

मिटली, तुमची. पोरगी मात्र उन्हाळाभर तळ्याकाठीसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालून बसली.

काल नव्या थेरपिस्ट बाईंनी कुठलाच कागद पुढे केला नाही. "तेव्हा मनात काय चालू असतं गं?" एवढंच विचारून त्या थांबून राहिल्या. मेरेनने सांगून टाकलं, उन्हाळ्यात पुन्हा झालं होतं.

येताना गाडीत मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार, बाबा? सही करून बसले होते ना. पुन्हा झालंय हे कुणाला सांगायची सोयच उरली नव्हती."

तुम्हाला चार शिव्या हासडायला हे पत्र लिहायला बसलो. पुरावा म्हणून तो कागद खाली काढला. तिच्या सहीखाली अजून एक सही आहे, तिच्याहून मोठी, ठसठशीत. आता हे पत्र कुठल्या तोंडाने पाठवू?

साक्षीदार,
ऑर्विल टेसमर