मानेवरचे चॅम्पियन्स

१४ सप्टेंबर २०२३, गुरुवार
काम फत्ते. मानेच्या डाव्या बाजूला, कानाखालून थेट कॉलरपर्यंत. वर आपल्या क्लबचा हिरवा पोपट आणि खाली ठळक काळ्या अक्षरांत ‘बिराकुल चॅम्पियन्स २०२३’. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची फायनल परवा आहे. निकाल मला आजच ठाऊक आहे. टॅटूवाल्या पोराने विचारलं, नेव्ह, रविवारी आलास तर नाही का चालणार? म्हटलं, रविवारी इथे रांग लागेल. काय भित्री पिढी आहे.
जॉयने मान बघितली, चॉप्सची प्लेट माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली, हरलात तर माझ्याकडे स्कार्फ मागायला येऊ नकोस. या बाईशी मी लग्न का केलं ते आता आठवत नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार
हरलो. एका पॉइंटने. भोंगा वाजता वाजता बॉल त्यांच्या एका पोराच्या हातात आला आणि भोंगा थांबल्यावर त्याने किक मारली. नियमात बसतं म्हणे. बसत असेल.
किक मारणारा टारवूडचा लॉकी शुल्झ. म्हणजे आमच्या ब्रॉनचा होणारा नवरा. पोटची पोरगी द्यायला निघालोय, तरी याचं पोट भरत नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार
सायलोवर गेलो. धान्य वजनाला आणणारे ट्रकवाले एकेक करून काच खाली करतात आणि विचारतात, काय चॅम्पियन, आज वजनकाटा बरोबर दाखवतोय ना? बेकरीतली पोरगी म्हणाली, चॅम्पियन्सना मीट-पायवर सॉस फुकट. सॉस घेतला. पण हसलो नाही.
या गावाला दुसरा उद्योग नाही.

१ ऑक्टोबर, रविवार
ब्रॉन आली होती. लग्न पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबरला, फुटबॉल संपल्यावर आणि गव्हाची कापणी सुरू व्हायच्या आधी. मग माझ्या मानेकडे बघून म्हणाली, डॅड, ही मान माझ्या फोटोत नको. काढून टाक. नाहीतर मी आईचा हात धरून चालत जाईन.
जॉय सिंकपाशी उभी राहून दात काढत होती.
ब्रॉनला मी हात धरून चालायला शिकवलं. लग्नात तिला माझ्याशिवाय दुसरं कोणी घेऊन जाणार नाही. लेझरने टॅटू निघतो असं ऐकतो. दोन-तीन वेळा जावं लागेल. ख्रिसमसपर्यंत मान कोरी.

४ डिसेंबर, सोमवार
मिल्ड्युराला गेलो. लेझरवाल्या नर्सचं नाव मेले, मूळची टोंगाची, दंड रग्बीवाल्यासारखे. टॅटूवरचं साल वाचून आधी भिंतीकडे तोंड करून खांदे हलवले, मग माझ्याकडे वळली. म्हणाली, अंकल, काळी अक्षरं जातील. हा हिरवा पोपट मात्र चिवट आहे. वर्ष तरी धरा. म्हटलं, माझी कातडी वेगळी आहे.
डोळ्यांवर चष्मा लावला आणि सुरू. तापलेलं तेल उडतं तसं, पण एकाच जागी, पुन्हा पुन्हा. जळक्या केसांचा वास. मी ओरडलो असं मेले म्हणते. मी खोकलो होतो.
घरी येईपर्यंत मान फुगून टम्म. शब्द पहिल्यापेक्षा उठून दिसतात. म्हणजे शाई बाहेर येत असणार.

१९ जानेवारी २०२४, शुक्रवार
सावलीत चव्वेचाळीस डिग्री. मानेला ऊन लावायचं नाही म्हणून जॉयचा लोकरी स्कार्फ बांधून सायलोवर गेलो. कोणीतरी माझ्या टेबलावर सूपचा डबा ठेवला होता. चिठ्ठी: चॅम्पियन, थंडीची काळजी घे.
अक्षर ओळखलंय. वेळ आल्यावर बघतो.

१३ एप्रिल, शनिवार
सीझन सुरू. लेझरच्या तीन फेऱ्या झाल्या. शब्द पुसट झाले आहेत, पण जवळून वाचता येतात आणि सगळे जवळूनच वाचतात. आमच्याच कॅप्टनने विचारलं, नेव्ह, खोडतोच आहेस तर त्याच जागी यंदाचं साल घालायचं का? त्याला म्हटलं, आधी बॉल पकडायला शीक.
टीमशी बोलणं बंद केलंय. अजून त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१५ जुलै, सोमवार
पाचवी फेरी. ‘चॅम्पियन्स’ जवळपास गेलं. पोपट होता तसाच, उलट जास्त ताजा दिसतो. मेले म्हणते, शब्द लग्नापर्यंत नक्की जातील, पोपटाचं मी काही सांगत नाही, अंकल. पोपटाला ब्रॉनची हरकत नसेल. पक्षी आहे. लोक लग्नात कबुतरं सोडतात.
लॉकी जेवायला आला होता. मान बघून म्हणाला, छान फिकी होतेय, नेव्ह. मला टोमणे कळतात.

१० ऑगस्ट, शनिवार
वादळ. शेडमध्ये पाणी. मागच्या वर्षी जुलैमध्ये वाऱ्याने शेडचे अर्धे पत्रे उडवले होते तेव्हा नवे पत्रे लॉकीने बसवून दिले होते. लागोपाठ तीन शनिवार. पैसे घेतले नाहीत, मीट-पाय तेवढी खाल्ली. फुकटचं काम असंच गळतं. आत जाऊन बघितलं नाही, बघायची गरज नाही.

११ ऑगस्ट, रविवार
पहाटे उठून बसलो. तीन शनिवार! शनिवारी मॅच असते!
फायनल खेळायला सीझनमध्ये ठरावीक मॅचेस खेळलेल्या लागतात. ते तीन शनिवार लॉकी माझ्या छपरावर होता. टारवूडने मात्र त्याचं नाव टीमच्या कागदावर लावलं होतं, बेंचवर बसला होता असं दाखवून. ते तीन वजा केले तर त्याच्या मॅचेस भरत नाहीत, म्हणजे तो फायनल खेळूच शकत नव्हता! म्हणजे ती किक बाद! म्हणजे चॅम्पियन आम्हीच!
माझी मान पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

१२ ऑगस्ट, सोमवार
पुरावा आमच्या फ्रिजवर निघाला. लॉकी छपरावर मांडी घालून बसलाय, तोंडात मीट-पाय, शेजारी रेडिओ, त्यावर त्याच्याच टीमची मॅच ऐकतोय. फोटो जॉयने काढलेला, कोपऱ्यात तारीख. तक्रार वर्षाच्या आत करायची असते. बसते.
जॉय म्हणाली, अरे माणसा, तुझं छप्पर उडालं म्हणून त्या पोराने मॅच सोडल्या. म्हटलं, मी सोड म्हणालो होतो का? तर म्हणाली, हो, तूच म्हणालास, माझ्यासमोर.
या घरात मला साथ नाही. फोटो लीगच्या ऑफिसला पाठवला.

९ सप्टेंबर, सोमवार
सुनावणी. मी कोट घालून गेलो. टारवूडवाले इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग लॉकीला विचारलं, त्या तीन शनिवारी कुठे होतास? तो सरळ उभा राहून म्हणाला, नेव्हच्या छपरावर. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
उद्धट आहे. मी पाठ करून आणलेली वाक्यं वाया गेली.

२३ सप्टेंबर, सोमवार
शेवटची फेरी. शब्द गेले. आरशात कसंही वळून बघितलं, एक अक्षर नाही. पोपट आहे, पण कॉलर वर केली की निम्मा झाकतो. मेलेने विचारलं, मुलगी खूश असेल ना, अंकल? म्हटलं, खूश? तिला दोन दोन आनंद मिळणार आहेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
जिंकलो!!! २०२३ चं विजेतेपद टारवूडकडून काढून बिराकुलला दिलं. विजेतेपदाचा झेंडा माझ्या हातात दिला, कारण आमच्या क्लबचं दुसरं कोणी आलं नव्हतं. कामं असतील.
आता शब्द मानेवर हवे होते. मिल्ड्युराला फोन केला. मेले म्हणाली, ती कातडी आता सुईखाली घालू नका. आणि फोन ठेवला. तिला रागवायचं काय कारण?

५ ऑक्टोबर, शनिवार
झेंडा घेऊन क्लबमध्ये गेलो. मला वाटलं खांद्यावर घेतील. कॅप्टन म्हणाला, नेव्ह, तो इथे लावू नकोस. आम्ही मैदानात हरलो होतो, आणि पुढच्या शनिवारी आम्ही सगळे लॉकीच्या लग्नाला जाणार आहोत. कोणत्या तोंडाने जायचं? मग त्याने दार उघडून धरलं. माझ्यासाठी.
नेभळट लोक. म्हणूनच हरले. म्हणजे, म्हणूनच जिंकायला मी लागलो. झेंडा सध्या शेडमध्ये.

७ ऑक्टोबर, सोमवार
ब्रॉनचा फोन. रडत नव्हती. रडली असती तर समजूत घालता आली असती. म्हणाली, मानेचं मी तुला चिडवायला म्हटलं होतं, डॅड. अख्खं तोंड रंगवून आला असतास तरी तुझाच हात धरला असता. आता येऊ नकोस.
रागाच्या भरात बोलली. शुक्रवारपर्यंत फोन येईल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
फोन चार्ज आहे. दोनदा घरच्या नंबरवरून करून बघितला, वाजतो. शर्टाला इस्त्री केली.

१२ ऑक्टोबर, शनिवार
लग्न दोनला. जॉय निळा ड्रेस घालून सकाळीच गेली. म्हणाली, फ्रिजमध्ये मीट-पाय आहे. गावात कोणी नाही. पब बंद, बेकरी बंद, दारावर पाटी: लग्नाला गेलो आहोत.
तरी मी शर्ट घातला, टाय बांधला, गुळगुळीत दाढी केली. मान स्वच्छ दिसते. बघायला कोणी असतं तर कळलं असतं.
दोनच्या सुमाराला पाऊस आला. आता ती चालत असेल. मी झेंडा घेऊन शेडमध्ये उभा होतो आणि पाणी टपटप झेंड्यावर पडायला लागलं. वर बघितलं. गळतोय तो जुना पत्रा, वीस वर्षांपूर्वी मी स्वतः ठोकलेला. लॉकीने बसवलेल्या पत्र्यांखाली जमीन कोरडी ठणठणीत, एक थेंब नाही.
झेंडा भिजू नये म्हणून लॉकीच्या बाजूला टांगला.