वहिनींच्या गाडीचा क्लच

मानपाडा, डोंबिवली पूर्व
सोमवार, सकाळी चहानंतर

प्रिय कुंडलिकराव,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, वाकून नमस्कार. तुमची शुगर कशी आहे, गुडघा काय म्हणतो आणि डबेवाल्या बाई अजून उसळीत मीठ विसरतात का, हे सगळं मालनने विचारायला सांगितलंय. आम्ही इकडे मजेत आहोत. (मजेत म्हणजे काय ते पुढे वाचालच.) फोन तुम्ही उचलत नाही आणि व्हॉट्सॲपवरचं माझं ‘शुभ सकाळ’ तुम्ही गेलं वर्षभर उघडूनही बघितलेलं नाही, म्हणून हे कागदावर लिहितोय. तुमच्या खालच्या वाण्याकडे पाकीट देऊन ठेवतो, तो बिस्किटांबरोबर वर पाठवेल. बिस्किटं खाण्याआधी वाचा.

विषय गाडीचा आहे. (लगेच पत्र घडी करून ठेवू नका, दाजी म्हणून एवढा तरी मान द्या.) लक्ष्मीवहिनी गेल्यावर तुम्ही त्यांची ती छोटी लाल गाडी ड्रायव्हर लावून आमच्या पार्किंगमध्ये आणवलीत, किल्ली मालनच्या हातात ठेवलीत आणि “ही माझ्या डोळ्यांसमोर नको” एवढंच बोलून रिक्षाने कल्याणला परत गेलात. पाणीसुद्धा प्यायला नाहीत. तेव्हापासून गाडी खांबाशेजारी कव्हर घालून उभी होती आणि मी अधूनमधून सुरू करून सोसायटीच्या आवारात तिची एक चक्कर मारायचो. पण गेल्या आठवड्यात गिअर पडेना, इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मेकॅनिकने येऊन बघितलं. म्हणाला, क्लचप्लेट पार झिजली, चालवणाऱ्या बाई सिग्नलला पाय क्लचवरच ठेवत असणार. तुम्हीही शेजारी बसून वहिनींना हेच सांगायचात आणि त्या नेहमीसारखं “हं” म्हणून पाय तिथेच ठेवायच्या. मेकॅनिकचं म्हणणं, गाडी गॅरेजला टाका, दिवाळीपर्यंत बघतो. यावर मालन मोठमोठ्याने रडायला लागली. वहिनींची गाडी परक्याच्या दारात राहणार नाही म्हणे. मेकॅनिक घाबरून निघून गेला आणि मी, ज्याने अख्खी नोकरी एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत पगारपत्रकं करण्यात घालवली, तो म्हणालो की मीच बदलतो.

मोबाइलवर याचे व्हिडिओ असतात. त्यात एक तरतरीत मुलगा “दोस्तों, अब गिअरबॉक्स को आराम से नीचे ले लो” म्हणतो आणि पुढच्याच क्षणाला गिअरबॉक्स जमिनीवर गादीवर ठेवल्यासारखा पडलेला असतो. मधलं काही दाखवत नाहीत. मधलं काय असतं ते मी सांगतो. मधे तो माझ्या पोटावर होता. आमचा वॉचमन आनंदा धावत येईपर्यंत मी आणि गिअरबॉक्स एकमेकांच्या मिठीत पडून होतो आणि त्याचं सगळं तेल माझ्या बनियनमध्ये होतं. (बनियन मालनने चिमट्याने उचलून फेकलं.) पण जुनी प्लेट निघाली. पापडासारखी पातळ झालेली. नवी प्लेट, नवं बेअरिंग बसवलं, आनंदाच्या मदतीने गिअरबॉक्स परत वर चढवला, आणि एक नट उरला. तो कुठला ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

आता एक गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नव्हती. ड्रायव्हरची सीट. माझे पाय लांब, म्हणून मी बसलो की सीट पार मागे सरकवतो. पण काम करताना जेव्हा जेव्हा दार उघडलं, तेव्हा सीट पुढे सरकलेली. अगदी पुढे, स्टिअरिंगला चिकटून, जिथे फक्त चणीने लहान माणूस बसू शकेल. मला वाटलं आनंदा आत झोपतो. पण आनंदा ताडासारखा उंच, त्या जागेत त्याचा एक गुडघासुद्धा मावला नसता. मी सीट मागे ढकलायचो आणि कामाला लागायचो. खालच्या पट्टीचे दात झिजले असतील, असं मनाशी म्हणायचो. माणूस मनाशी काहीही म्हणतो.

काल दुपारी शेवटचं काम राहिलं होतं, क्लचची केबल बेतात ताणायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने गाडीखाली पडून नट फिरवायचा, दुसऱ्याने सीटवर बसून पेडल दाबायचं आणि सोडायचं. मालनला बसवलं आणि मी खाली शिरलो. लाइट गेलेली, पाण्याचा पंप बंद, सगळी बिल्डिंग जेवून आडवी झालेली. पार्किंगमध्ये इतकी शांतता की माझाच श्वास गाडीच्या पत्र्यावर आपटून परत यायचा. मी ओरडलो, “दाब!” पेडल दाबलं गेलं. “सोड!” सुटलं. प्रत्येक वेळी वरून बारीकसं “हं” यायचं. इतकं हळुवार, इतकं वेळच्या वेळी, की मला मालनचं कौतुक वाटायला लागलं. (इथेच शंका यायला हवी होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी सांगितलेलं एकही काम तिने उलट प्रश्न न विचारता केलेलं नाही.)

मग माझ्या हातून पाना निसटला. तो पकडायला गेलो आणि बोट क्लचच्या दांड्यामागे, बॉडीच्या सांध्यात अडकलं. पेडल दाबलेलं होतं म्हणून तिथे फट होती. पेडल सुटलं असतं तर तो दांडा सगळ्या ताकदीने मागे आला असता आणि बोट तिथेच राहिलं असतं. मी किंचाळलो, “सोडू नकोस! अजिबात सोडू नकोस!”

“हं.”

बोट निघेना. तेलाने बुळबुळीत, वर घामाने फुगलेलं. मी वळवतोय, ओढतोय, देवाचं नाव घेतोय. आणि वरचा पाय जराही थरथरला नाही. मालनचा पाय असता तर तिला गोळा आला असता, तिने मला शिव्या दिल्या असत्या. वरून एक शब्द नाही. फक्त कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं जाणवत होतं. शेवटी बोट सालपट जाऊन सुटलं. मी म्हटलं, “सोड आता.” दांडा अगदी अलगद, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा मागे गेला.

बाहेर सरपटत आलो तर समोर जिन्यातून मालन येत होती. हातात चहा. म्हणाली, “अहो, रागावू नका. तुम्ही खाली शिरलात आणि गॅसवाला आला म्हणून वर गेले. तुम्ही हाक मारली नाहीत ना?”

मी गाडीकडे बघितलं. आत कुणी नव्हतं. सीट पुढे होती, स्टिअरिंगला चिकटून.

कुंडलिकराव, तो चहा मी बॉनेटवरच ठेवून दिला. सगळं सांगितल्यावर मालन घाबरेल, असं मला वाटलं होतं. तिने डाव्या बाजूचं दार उघडलं, आत जाऊन बसली आणि काच वर केली. बराच वेळ तिचे ओठ हलताना दिसत होते. मी बाहेर बोट धरून उभा. उतरल्यावर फक्त म्हणाली, “गाडी बाहेर काढा, बघू या.”

काढली. (सीट मागे न सरकवता. गुडघे कानाशी आले, पण सीट मागे करायची माझी छाती झाली नाही.) मालन मागे बसली, पुढे बसते म्हणाली नाही आणि मीही म्हटलं नाही. गाडी लोण्यासारखी चालली. थेट माजिवड्यापर्यंत गेलो आणि फिरलो. पण प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की डाव्या दाराची खिट्टी वर. मी वाकून खाली दाबायची, पुढच्या सिग्नलला पुन्हा वर, टक् करून. मालन मागून म्हणाली, “दाबू नका हो. भाऊ जिन्यातून उतरायच्या आधी वहिनी आतून अशीच खिट्टी काढून ठेवायची.” मग मी दाबली नाही.

पत्र लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, असं लिहायची रीत आहे, पण तुमच्या घरी आता तुम्हीच थोर आणि तुम्हीच लहान, तेव्हा दोन्ही तुम्हालाच.

तुमचा दाजी,
उत्तम

ता. क. आमचे सेक्रेटरी इंजिनिअर आहेत. त्यांच्या मते सीटची पट्टी सैल आहे, खिट्टी धक्क्याने उडते, केबल आखडल्यामुळे पेडल दाबलेलं राहतं आणि “हं” हा पार्किंगमधला घुमारा होता. मी सगळ्याला मान डोलावली. मग गाडीत बसून दाखवा म्हटलं, तर त्यांना मीटिंग होती.

ता. क. २. खरं काम हे की येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तुमच्या फाटकाशी येतोय. हॉर्न वाजवणार नाही. तुम्ही खाली या आणि डावीकडे बसा, बोलायची गरज नाही. कव्हर घालून ठेवण्यासारखी ती गाडी नाही आणि तुम्हीही नाही.

ता. क. ३. मालन म्हणते, हे असलं लिहून पाठवू नका, भाऊ घाबरेल. मी तिला म्हटलं, अगं, तुझा भाऊ चप्पल न घालता खाली येईल.