ईशानचा उजवा हात

१० मे, शनिवार
कोपराच्या ऑपरेशननंतर ईशान आज पहिल्यांदा मॅचमध्ये पिचिंगला, म्हणजे चेंडू फेकायला, उभा राहिला. इथे जर्मनीत गेर्लिंगेनचं ऑफिस सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी एका अमेरिकन क्लबसाठी इथली बेसबॉलची पोरं हेरते. असा हात दुसरा पाहिला नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये बसतो तो आवाजच वेगळा. त्याचा बाबा मंदार जाळीला नाक लावून उभा. "मेघा, बघितलंस? जसाच्या तसा!"
अमेरिकेत क्लबच्या बॉसला फोन केला. स्वारी खूश.

१७ मे, शनिवार
काहीतरी बिनसलंय. कॅचर वळणारा चेंडू मागतोय, ईशान नकाराची मान हलवतोय. कोपर पिळावं लागू नये असे नुसते सरळ, वेगवान. जिंकले, पण...
नंतर पाण्याची बाटलीसुद्धा डाव्या हाताने.
"दुखतंय का रे?"
"नाइन. आलेस गूट." नाही, सगळं ठीक म्हणे.

१८ मे, रविवार
मंदार-रेवतीकडे जेवायला. बॉसचा माणूस शनिवारी मॅच बघायला येतोय, हे मंदारला कळलंय. रेवतीने पुरणपोळ्या केलेल्या. मंदार अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल बोलत सुटला.
बाल्कनीत ईशानला पुन्हा विचारलं. हा पोरगा माझ्याशी कायम जर्मनच बोलतो. आज मराठीत म्हणाला, "मावशी, प्लीज. आईबाबांना नको सांगू. शनिवारी फेकतो, मग डॉक्टरकडे जातो."
म्हणजे दुखतंय.

१९ मे, सोमवार
कामात लक्ष नाही. जळगावला सॉफ्टबॉल खेळायचे तेव्हा खांद्याला बर्फ चोळून पुन्हा मैदानात. सगळे टाळ्या वाजवायचे. अजून तो हात वरच्या फळीपर्यंत जात नाही.
आणि अठराव्या वर्षी मला कोणी थांबवलं असतं, तर मी ऐकलं असतं?

२१ मे, बुधवार
ईशानला प्रॅक्टिसनंतर गाठलं. म्हटलं, उद्यापर्यंत घरी सांग, नाहीतर मी सांगेन.
"मग सांग ना," जर्मनमध्ये. बॅग उचलून चालता झाला. डाव्या खांद्यावर.

२२ मे, गुरुवार
त्याने सांगितलं नाही. मी रेवतीला सांगितलं. पाठोपाठ मंदारचा फोन. "डॉक्टरांनी परवानगी दिलीये, मेघा. तू कोण ठरवणारी?"
बॉसलाही कळवलं: हात दुखतोय, आत्ता बघू नका, पण पोराला सोडूही नका.
तो म्हणाला, "दुसरा एक आहे, माझा माणूस शनिवारी त्याच्याकडे जाईल." ईशानचं नंतर बघू म्हणाला. नंतर म्हणजे कधी, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२४ मे, शनिवार
मैदानावर गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. ईशान बाकावर, जॅकेट घालून. मंगळवारी एमआरआय आहे म्हणे. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मंदार आलाच नाही.
रेवती शेजारी येऊन बसली. थर्मासमधला चहा ओतून दिला. मैदानाकडे बघतच म्हणाली, "बरं केलंस म्हणू की वाटोळं केलंस, माझं अजून ठरत नाहीये."
माझंही नाही, म्हटलं.
मॅच संपेपर्यंत दोघी तिथेच बसून होतो.