ओवीच्या शाळेचा कौल

४ मे, रविवार
सकाळी पोथीचा अध्याय. मग ओवीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कदमबाईंबरोबर बाळकुमच्या चाळींतून पत्रके वाटली. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून हे माझे तिसरे वर्ष. 'आपल्या मुलांना महापालिकेच्या मराठी शाळेत घाला' हे आता न वाचता म्हणता येते.
एका बाईने दारातूनच विचारले, "तुमची मुलगी कुठे आहे?"
"आपल्याच शाळेत. आता पाचवीला जाईल."
ती आत गेली, धाकटीचा जन्मदाखला घेऊन आली. नाव घातले. कदमबाई खूश.
पिशवीत पत्रकांच्या खाली कॉन्व्हेंटचा फॉर्म होता. सुलभाने, माझ्याच बायकोने, काल आणलेला. पिशवी बदलायची राहिली, एवढेच. खोटे बोललो असे नाही. पण…

६ मे
सु. म्हणते, कॉन्व्हेंटच्या पाचवीत एकच जागा रिकामी झाली आहे, कुणाची तरी बदली झाली म्हणून. ती दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे, फोन घेते. "मी हॅलोच्या पुढे अडते हो. समोरचा इंग्रजीत सुरू झाला की मी फोन डॉक्टरांच्या हातात देते. ओवीने पण तेच करायचं का?"
मी गावच्या शाळेत शिकलो, सारवलेल्या जमिनीवर. माझे काही अडले नाही, असे म्हणणार होतो. म्हणालो नाही. अडले आहे.

१३ मे
वागळे इस्टेटच्या कारखान्यात अर्धा दिवस सुट्टी टाकून तिघे कॉन्व्हेंटला गेलो. आवारात मेरीची मूर्ती, दगडांच्या कपारीत. पुढे मेणबत्त्या, गळ्यात झेंडूची माळ. माझ्या चपला आपोआप निघाल्या. वॉचमन हसला, "काका, घाला घाला, इथे चालतं." तोपर्यंत हात जोडून झाले होते. वाईट काही वाटले नाही. वाटायला हवे होते का?
सिस्टर साठीच्या असतील. मी इंग्रजी वाक्य पाठ करून गेलो होतो, त्या मराठीतच म्हणाल्या, "बसा. मी वसईची. मीही मराठी शाळेतलीच." सु.ने माझ्याकडे पाहिले, मी टेबलावरच्या काचेकडे.
"रोज सकाळी आमची प्रार्थना असते. तुमचं काही म्हणणं?"
मी म्हणालो, "देवाचं नाव घेतलं तर माझी हरकत कशाला?" चटकन बोलून गेलो. बसमध्ये विचार करत होतो, हे खरे मत की मुलाखतीचे?
ओवीने सिस्टरना एकच प्रश्न विचारला, "इथे खिचडी मिळते का?" सिस्टर खूप हसल्या. मिळत नाही.

१५ मे, गुरुवार
उपास. जागा मिळाली. फी भरली. जुन्या शाळेचा दाखला ३० जूनपर्यंत आणून द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. कॉन्व्हेंट १ जुलैला उघडते, आपली शाळा १६ जूनला; मधले दिवस ओवी कुठे जाणार ते विचारायचे राहिले.
नियम: टिकली नाही, मेंदी नाही, बांगड्या नाहीत, दोन वेण्या काळ्या रिबिनीच्या. सु. म्हणाली, "घरी आल्यावर लावू दे की टिकली. देव काय शाळेच्या वेळात बघायला येतो?" मला हसू आले. आणि नंतर नाही आले.

१९ मे
सु.ला न सांगता गावी दादाला फोन केला. देवीला कौल लावून विचार म्हटले: मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून तर नाही. आमच्या घरात विहीर खणायची की नाही इथपासून माझ्या लग्नापर्यंत सगळे विचारूनच झाले. मग हेच का नको?
दादा म्हणाला, "सोमवारी गुरवाक सांगतंय."

२७ मे
दादाचा फोन. आवाजातच पेढा.
"उजवो कौल दिल्यान रे! पाकळी अशी लगेच पडली. तुझा काम झाला."
देवघरापुढे बसलो. महिन्याभरात पहिल्यांदा हलके वाटले. मग सहज विचारले, गुरवाने नेमके काय विचारले?
"चेडवाक शाळा लाभात काय म्हणान विचारल्यान."
मुलीला शाळा लाभेल का, एवढेच. कुठली ते नाही. "पण खयची शाळा?"
"आता ता खयची ता माका काय म्हायत! शाळा म्हणजे शाळा."
माझीच चूक. फोनवर मीच त्याला 'ओवीच्या शाळेचं विचार' इतकेच म्हणालो होतो. कॉन्व्हेंट म्हणायला जीभ रेटली नाही. म्हणजे देवीने हो म्हटले आहे, कशाला ते माहीत नाही.
पुन्हा लाव म्हटले तर दादा वैतागला. "देवीक दोन-दोनदा त्रास देवचो नाय. उजवो दिल्यान ना, मगे?"

२८ मे
सु.ला सांगितले. आधी चिडली, 'मला विचारलं असतंत तर मीही उजवाच दिला असता.' मग म्हणाली, "देवीला ठाऊक होतं आपण फॉर्म भरलाय. तिने त्याच शाळेला हो म्हटलं." बरोबर वाटले. पण देवीला हेही ठाऊक होते की ओवी चार वर्षे कुठे बसते.

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. कॉन्व्हेंट १ जुलैला उघडणार, म्हणून ओवी अजून इथेच. प्रवेशोत्सव. अध्यक्ष म्हणून पहिलीच्या मुलांना मीच गुलाब दिले. मे महिन्यातली ती बाई धाकटीला घेऊन आली होती. "तुम्ही सांगितलंत म्हणून घातलं हो." धाकटीने गुलाबाचे देठ चावून पाहिले.
कदमबाई पट सांगत होत्या. काठावर आहे. एक नाव गेले तरी एक शिक्षक दुसऱ्या शाळेत जाणार. तिसरी-चौथी आताच एका खोलीत बसतात.
ते नाव कोणाचे, हे मला ठाऊक, त्यांना नाही.

१८ जून
कामात लक्ष नाही. माप दोनदा घेऊनही मशीनवर लावलेला जॉब वाया गेला. साहेब म्हणाले, तब्येत बघा.

२१ जून, शनिवार
कदमबाईंना सांगून टाकले. वर्ग सुटल्यावर, व्हरांड्यात. वाटले होते चिडतील, रडतील, काहीतरी. चिडल्या असत्या तर बरे झाले असते.
त्या खुर्ची पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगाही इंग्रजी शाळेतलाच, अध्यक्ष. मी कुठल्या तोंडाने बोलू?"
मी म्हणालो, "मी राजीनामा देतो." त्या म्हणाल्या, "द्यावा लागत नाही. मूल गेलं की पालक समितीतून आपोआप जातो."
त्यांनी दाखल्याचा कोरा अर्ज काढला. सगळे त्यांनीच भरले: नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. एक ओळ रिकामी ठेवली. शाळा सोडण्याचे कारण.
"ते तेवढं तुम्ही लिहा."

२४ जून
रिकामी ओळ.
इंग्रजीसाठी – मग मराठी शाळेत चार वर्षे काय शिकली?
घर बदलले – खोटे.
पालकाच्या विनंतीवरून – असे सगळेच लिहितात म्हणे. यात कारण कुठे आहे?
प्रार्थनेचा त्रास होतो का, हेही स्वतःला विचारून पाहिले. ती अडचण असती तर सोपे होते. सरळ नाही म्हटले असते. त्या मूर्तीपुढे चपला काढल्या तेव्हा मला आमच्या देवळातल्यासारखेच वाटले. अडचण तिथे नाही, आपल्या शाळेच्या व्हरांड्यात आहे.

२६ जून
ओवीला विचारले, तुला काय वाटते? म्हणाली, "तिथे मैदान मोठं आहे. इथे कदमबाई आहेत." मग, "कदमबाईंना तिकडे नाही का घेणार?"

२८ जून, शनिवार
दादाचा फोन, आपणहून. गुरव तयार झाला आहे, सोमवारी सकाळी पुन्हा लावतो. "पण ह्या टायमाक प्रश्न नीट लिवन धाड. हो-नाय होयत असो."
लिहायला बसलो.
ओवीने कॉन्व्हेंटात जावे का? – पण डावा आला तर सु.ला काय सांगू?
महापालिकेच्या शाळेत ठेवावे का? – उजवा आला तर फोन डॉक्टरांच्या हातात देणारी सु. समोर दिसते.
मी चुकतो आहे का? – हे लिहून दादाला वाचून दाखवले. "असलो प्रश्न लागना नाय रे. ह्यो तुझो प्रश्न."

२९ जून, रविवार
अर्ज देवघरात, पोथीखाली ठेवला आहे. कारणाची ओळ रिकामी. दादाला पाठवायचा प्रश्नही रिकामा. उद्या तीस. उद्या सोमवारही.
सकाळी भाजी घेताना ती धाकटीची आई भेटली. "काल पोरगी घरी येऊन कविता म्हणाली, पूर्ण!" मी म्हणालो, वा. आणि बटाटे न घेताच परत आलो.
सु. दुपारी तांदूळ निवडत बसली. मग इतकेच, "मी तुम्हाला ढकलत नाहीये. पण मी मागेही घेणार नाही."
संध्याकाळी दिवा लावला. ओवी आली, "बाबा, उद्या कुठला ड्रेस? आपल्या शाळेचा घालू, की दाखला द्यायला जाताना नवा?"
"आईला विचार."
"आई म्हणाली बाबांना विचार."
इस्त्री काढली. आधी जुना निळा केला, कॉलर विरली आहे, जपून. मग कॉन्व्हेंटचा नवा, करड्या चौकड्यांचा, अजून कडक. दोन्ही एकाच खिळ्याला लावले, दोन हँगरला.
ओवी खाली उभी राहून दोन्हीकडे बघते आहे.