सईच्या क्लिपा

भाऊबीज, संध्याकाळ

ओझरहून, दादाकडून आम्ही आत्ताच आलो. ओजसला मीच सांगितलं होतं, ओवाळणी तू निवड, पण सईला काय हवंय ते आधी विचार. त्याने मामेबहिणीला सरळ फोन केला. ती म्हणाली, "केसांच्या क्लिपा." औषधांनी तिचे सगळे केस गेलेत. दुकानात मी त्याला रंगपेट्याच दाखवत राहिले. "आई, तिला क्लिपाच हव्यात."

सईने ओवाळलं आणि क्लिपा वहिनीकडे दिल्या. "जपून ठेव. केस आले की लावीन." वहिनी उठून आत गेली. आता उपचारांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी कालच सांगितलंय. मुलांना माहीत नाही. मी अडवायला हवं होतं का त्या क्लिपांना?

परतताना ओजस म्हणाला, "पुढच्या वर्षीपण मीच निवडणार हं."

हो म्हणाले.