मशीन चावतं कुणाला

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कपडे धुण्याचं मशीन आज मला चावलं!

चावलं म्हणजे — ओले कपडे काढायला हात घातला, मनगट कडेच्या पत्र्याला टेकलं, आणि कोपरापर्यंत मुंग्या. हात असा मागे आला की बादलीच लवंडली. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय पाडलंत?" म्हटलं, "आई, मशीनला करंट येतोय." आल्या. अनवाणी, ओल्या फरशीवरून. दोन्ही तळवे मशीनवर ठेवून उभ्या राहिल्या, पोराचा ताप बघावा तशा. "कुठाय करंट? जावईबापू, तुम्ही नाजूक आहात."

माझ्या नाजूकपणाबद्दल या घरात दुमत नाही. आम्ही दोघं सासूबाईंकडे राहायला आलो तेव्हापासून भिंतीत खिळासुद्धा त्याच ठोकतात. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. माझा हात चालतो तो तेवढ्यापुरता. त्यांचा सगळीकडे चालतो. मिक्सर, पंखा, दारावरची बेल. फ्रिजच्या दाराला सायकलच्या ट्यूबची पट्टी. टोस्टरचं बटण म्हणजे शर्टाचं बटण — अगदी चार भोकांचं! मशीनची वायर गेल्या महिन्यात उंदराने कुरतडली, तर त्यांनी जुन्या टेबल-पंख्याची वायर काढून त्याला जोडली. मशीन सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता प्रश्न हा — ते मला चावतं आणि त्यांना का नाही?

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज शोध घेतला. हात कोरडे, पायात चप्पल : काही नाही. हात ओले, पायात चप्पल : किंचित. हात ओले, अनवाणी : आई गं! (एकदाच. परत नाही.)

म्हणजे चपलेचा काहीतरी संबंध आहे. पण सासूबाई तर घरात चप्पल घालतच नाहीत. मग?

एवढ्यात ही ऑफिसातून आली. मी अनवाणी, हात ओले, चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचा भाव. आधी सरळ जाऊन मशीनचा प्लग उपसला. मग बोलली. ते इथे लिहीत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्लग परत लावलेला आहे. कपडे वाळत आहेत. सासूबाई म्हणतात, "माझ्याशी ओळख आहे त्याची."

रविवार, ९ फेब्रुवारी

मेव्हणा जेवायला आला. अग्निशमन दलात आहे, म्हणून घरात त्याचं नाव बंबवाला. हिने आधीच त्याच्या कानावर घातलेलं दिसलं, कारण आल्या आल्या बूट न काढता मोरीत गेला.

वायर बघितली. डोक्याला हात लावला. "आई, यात दोनच तारा आहेत. तिसरी कुठाय?"

"पंख्याला तिसरी नव्हतीच."

"पंख्याला नव्हती, याला होती ना! हिरवी. तिचं तू काय केलंस?"

"आत दुमडून ठेवलीय. टाकली नाही काही."

मग जे जुंपलं! मला चुलत्या-पुतण्यांची भांडणं ऐकायची सवय आहे, पण माय-लेकाचं भांडण वेगळं असतं. दोघंही एकाच आवाजात ओरडतात, आणि दोघांच्याही कपाळावर तीच शीर फुगते.

बंबवाला म्हणाला, "बंद पडलेलं मशीन निदान गप्प बसतं. भीती असते ती चालणाऱ्याची. आम्ही जातो ना घराघरांत — प्रत्येक ठिकाणी हेच ऐकतो, 'अहो, पण चालत होतं!'"

सासूबाई म्हणाल्या, "कंपनीचा माणूस आला होता. झाकण तरी उघडलं का त्याने? लांबूनच म्हणाला, नवीन घ्या. उद्या डॉक्टर नाडी न बघता म्हणेल, नवीन नवरा करा!"

"तुला शिवता येतं म्हणून माणसाचं पोट फाडून शिवशील का?"

"माणसाचा प्लग काढता येत नाही. याचा येतो."

इथे मी हसलो. हिने टेबलाखालून पाय मारला.

खरं सांगायचं तर माझी अडचण हीच — दोघांचंही पटतं. उघडून बघणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. वस्तू बिघडली की कचऱ्यात, ही सवय मला आवडत नाही. पण कोपरापर्यंत आलेल्या त्या मुंग्याही खऱ्याच. दोन खरं बोलणारी माणसं समोरासमोर ओरडत असली की मधल्याने करावं काय? मी पाणी प्यालो.

शेवटी बंबवाल्याने खिशातून टेस्टर काढला, मशीनच्या पत्र्याला लावला. आतला लहानसा दिवा लाल! "दाजी बरोबर सांगत होते." (या घरात हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं.) जेवताना बूट उतरवलेत हे विसरून स्वतः बोटाच्या मागच्या बाजूने नुसता शिवला, आणि झटका बसल्यासारखा मागे. मग सासूबाई पुढे झाल्या. तो "आई, नको!" म्हणेपर्यंत तळहात टेकवून मोकळ्या.

टेस्टर लाल. त्या शांत.

"आई, खरंच काही होत नाही?"

"काही नाही. तुमच्या पिढीचं रक्तच पातळ."

बंबवाल्याने प्लग काढून त्याच्या तोंडावर चिकटपट्टी गुंडाळली आणि वायरमनला फोन केला. जाताना मला हळूच म्हणाला, "दाजी, एवढी वर्षं या कामात आहे. असं कधी पाहिलं नाही."

म्हणजे त्यालाही माहीत नाही. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलंही नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सासूबाई कुणाशीच बोलत नाहीत. मोरीत बसून हाताने कपडे धुतात, आणि आपटतात ते आम्हाला ऐकू येईल असे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मला एक सुचलं — डोळे! हिरवी तार दुमडून ठेवली म्हणजे रंगांचा घोटाळा तर नसेल? वय झालंय, त्या कधी तपासून घेत नाहीत. म्हटलं, दुकानात चला, फुकट बघतो. चष्म्यासाठी नव्हे, म्हटलं, सहज. "सहज कुणी कुणाचे डोळे बघत नाही," म्हणाल्या, पण आल्या. (माझ्यावर राग नव्हता. राग मुलावर.)

तक्त्यातली शेवटची ओळ घडाघडा वाचली. त्याखाली छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं. रंगांच्या चकत्या ओळीने लावल्या, एक चूक नाही. मालक म्हणाले, "यांना ठेवून घ्या, तुम्ही घरी बसा."

येताना रस्त्यात म्हणाल्या, "मला काय दिसत नाही असं वाटलं तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं. त्या थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "हिरवी तार दिसत होती. वायरीत जागाच नव्हती तिला. वाटलं, दोनांवर चालतंय तर तिसरीचं काय काम."

मग चार पावलं गेल्यावर — "काय काम असतं तिचं?"

मला माहीत नव्हतं. दोघंही वायरमनची वाट बघतोय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वायरमन आला. बडबड्या, पण समजावून सांगायला कंटाळला नाही. मशीनच्या पत्र्यावर चुकून उतरलेला करंट आपल्या अंगातून जाऊ नये, म्हणून त्याला जमिनीकडे न्यायची वाट म्हणजे ती तिसरी तार. ती तोडली की वाट एकच उरते — हात लावणारा माणूस. आतल्या मोटारीजवळचं आवरणही खराब झालेलं निघालं. ते बदललं, तीन तारांची वायर घातली, भिंतीतलं अर्थिंग तपासलं. सासूबाई पूर्ण वेळ त्याच्या खांद्यावरून डोकावत होत्या. असे प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी भेटला असतात तर दुकानात घेतलं असतं."

खुशीत आल्या! मुलाला स्वतः फोन केला. तह झाला. तो असा — तहातली भाषा त्यांचीच — "प्लग नसलेलं सगळं माझं. प्लग असलेलं वायरमन बघेल, आणि मी वायरमनकडे बघेन."

मशीन आता कुणालाच चावत नाही. ही म्हणाली, "झालं ना समाधान?"

नाही झालं. वायरमनलाही विचारलं होतं मी, त्यांना का लागत नव्हता? म्हणाला, "असतात काही माणसं." हे काय उत्तर झालं?

रविवार, २३ फेब्रुवारी

घडलं तसं लिहितो.

सकाळी ही बाजारात गेलेली. सासूबाई इस्त्रीच्या टेबलापाशी, माझा शर्ट अंथरलेला, बाजूला स्क्रू-ड्रायव्हर. मला बघून तो पदराखाली! तह मोडला होता. म्हटलं, "आई?" तर चिडूनच म्हणाल्या, "करू काय मग? काल उघडली, आज परत उघडली, पण ही मेली तापतच नाही. वायरमन उद्या येणार. शर्ट तुम्हाला आजच हवाय."

"तापत नाही?"

"बघा ना." आणि इस्त्रीच्या तळाला बोट टेकवलं. टोक नव्हे, पूर्ण पेर. टेकवून ठेवलं. "कोमटसुद्धा नाही."

मला आधी वास आला.

मनगट धरून ओढलं त्यांचं. इतक्या जोरात मी आयुष्यात कुणाला ओढलं नसेल. बांगडी वाकली. भांड्यातलं पाणी इस्त्रीवर शिंपडलं — छन्न! वाफ छतापर्यंत.

त्या वाफेकडे बघत राहिल्या. मग बोटाकडे. पेर पांढरं पडलेलं. शेजारच्या बोटावर कालचा फोड, फुटलेला. अंगठ्यावर आणखी एक, त्याच्याही आधीचा.

"दुखतंय?"

भांडतील असं वाटलं. भांडल्या नाहीत. हळूच "नाही," म्हणाल्या. आणि मग, खरोखरच कुतूहलाने, माझ्यासारख्याच —

"म्हणजे इस्त्री बरी होती?"

नळाखाली त्यांचा हात धरून उभा राहिलो. खूप वेळ. पाणी गार आहे का विचारलं. म्हणाल्या, "असेल."

सोमवार, २४ फेब्रुवारी

रक्त तपासायला दिलं. बंबवाला रजा टाकून आला. आईच्या शेजारी बाकावर बसला, पण एकदाही ओरडला नाही. त्यांनाच ते खटकलं. "बोल की काहीतरी," म्हणाल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

साखर आहे. आजची नव्हे, बऱ्याच वर्षांची असणार, डॉक्टर म्हणाले, आणि तिने आतल्या आत बोटांतल्या, चटका-झटका कळवणाऱ्या नसा खाल्ल्या. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. सुईचं टोक घेऊन एकेका बोटाला टोचलं, मग दोन्ही तळपायांना. आम्ही तिघं बघत होतो. सगळं झाल्यावर सासूबाई डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "करा की हो आता सुरू. मी काही घाबरत नाही."